हलाखीचा रकाना

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला तेव्हाच मला कळलं, आज हा अर्ज काही पुरा होत नाही.

“काय लिवलंयस? परत वाच बघू.”

“अर्जदार सध्या अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत दिवस काढत असून...”

“कोण हलाखीत हाय?”

“तुम्ही, आप्पा. तसं लिहावं लागतं.”

“मग तुझंच नाव घाल त्यात,” असं म्हणून ते काठी टेकत उठले. उठताना उजवा गुडघा नेहमीसारखा वाजला. स्वयंपाकघरातनं मावशी ओरडली, “रातभर कण्हत असत्यात, आन् म्हणं हलाखी न्हाई!” तोवर आप्पा उंबऱ्याबाहेर पडले होते.

आप्पा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, एके काळचे पैलवान, कुस्तीत कान मोडलेले. वय चौऱ्याहत्तर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळं अख्ख्या भावकीचे अर्ज माझ्याकडे. वारसनोंद, रेशनकार्ड, पीकविमा, जातीचा दाखला. एखाद्या सहीसाठी तहसील कचेरीत चार वेळा जायची मला सवय आहे. पण अर्जदारानंच अर्ज अडवलाय, असं पहिल्यांदा झालं.

अर्ज होता केंद्र सरकारच्या खेळाडू कल्याण निधीचा. हा निधी १९८२ सालचा. आता त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचं नाव आहे. एके काळी नाव कमावलेला खेळाडू नंतर अडचणीत आला तर त्याला एकरकमी पाच लाखांपर्यंत, आणि उपचारांसाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आत हवं. आप्पांच्या बाबतीत ती अट सांगायचीच गरज नाही, त्यांचं सगळं उत्पन्न मावशीच्या शिलाई मशीनवर आहे.

दुसरीही एक योजना आहे, १९९४ सालची, निवृत्त खेळाडूंच्या पेन्शनची. ऑलिम्पिकमध्ये पदक असेल तर महिना वीस हजार, एशियाड किंवा राष्ट्रकुलात सुवर्ण असेल तर चौदा हजार, रौप्य किंवा कांस्य असेल तर बारा हजार. चांगलीच योजना आहे. फक्त पदक त्या यादीतल्या स्पर्धेचं हवं. आप्पांच्या अंगावर देशाचा बनियन एकदाच चढला, एका परदेश दौऱ्यात, आणि तिथं दुसऱ्या फेरीत ते पडले. त्यांचं बाकी सगळं कर्तृत्व तांबड्या मातीतलं. मातीतली गदा कितीही जड असली तरी त्या यादीत तिला वजन नाही.

मग राहतो हा कल्याण निधी. आणि त्यात तो शब्द.

मला आधी राग आला. एवढा काय तो ताठा? गुडघ्याची वाटी बदलायची तर दोन्ही पायांचे मिळून काही लाख होतात, आणि हे म्हणे शब्द खटकतो. दोन दिवस मी तिकडं फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी कामावरनं येताना खासबागेवरनं आले, आणि तिथं सिग्नलला थांबल्यावर काहीतरी डोक्यात हललं.

खासबाग मैदान मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बघत नव्हे, ऐकत. बायका-पोरींनी कुस्तीला जायची आमच्यात पद्धत नव्हती, पण मोठं मैदान असलं की गर्दीचा आवाज आमच्या माडीवर यायचा. खडाखडी चालू असली की नुसती कुजबुज, कुणी पट काढला की ‘हाऽऽ’, आणि चितपट झाली की कौलं हलल्यासारखा गलका. निकाल काय लागला हे आजी आवाजावरनं सांगायची. म्हणायची, “आपला पडला. बघ, शिट्ट्या न्हाईत.”

शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले तेव्हा रोमचं जुनं क्रीडागार बघून आले आणि १९१२ साली इथं हे मैदान उभं राहिलं. बशीसारखं खोलगट, कुठंही बसा, मधला कुस्तीचा मातीचा हौदा दिसतो. पण महाराजांनी नुसतं मैदान नाही दिलं. त्यांनी पैलवानाचं पोट संस्थानाच्या खात्यावर घातलं. देशभरातले मल्ल इथं आणून ठेवले, त्यांना राहायला तालीम, खायला खुराक. एका जवान पैलवानाचा खुराक म्हणजे काय हे ज्या घरानं सोसलंय त्यालाच कळतं. दूध लिटरांत, तूप वाटीनं, बदाम रोजच्या रोज वाटायचे, वर मटण, अंडी, थंडाई. शेतकऱ्याच्या घरात एक पोरगं तालमीत घातलं की दोन म्हशींचं दूध डेअरीला जायचं बंद होतं.

१९४९ साली संस्थान विलीन झालं. राजाश्रय गेला, पण तालमी उठल्या नाहीत. पुढं साखर कारखाने आले आणि त्यांनी मल्लांना मानधन चालू केलं, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस आणि कुस्ती ही जोडी अशी जुळली. आप्पांनाही एका कारखान्याचं मानधन होतं. कुठल्या, ते सांगत नाही. कारण पुढची गोष्ट त्या कारखान्याला शोभणारी नाही आणि तो काही एकटाच तसा नव्हता.

आप्पांचा गुडघा एका जत्रेच्या मैदानात गेला. चैत्र महिना, दुपारचं ऊन, हौद्यातली माती वरनं भुसभुशीत आणि खाली घट्ट. घुटना ठेवलेला पाय तिथं रुतला आणि वरनं समोरच्याचं सगळं वजन आलं. आप्पा म्हणतात, “उसाचं कांडं मोडल्यागत आवाज आला, म्या म्हटलं दुसऱ्याच कुणाचा तरी.” त्या काळी लिगामेंट हा शब्द पेठेत कुणाला माहीत नव्हता. हाड बसवणाऱ्याकडं नेलं, आंबेहळदीचा लेप लागला, एक महिना पाय बांधून ठेवला. दसऱ्याला पुन्हा लांग चढवली. गुडघा पुन्हा सुटला. पुढच्या गळीत हंगामात मानधनाच्या यादीत नाव नव्हतं. कुणी कळवलंही नाही. आप्पा पैसे आणायला गेले आणि खिडकीतल्या माणसानं वही उलटी करून दाखवली.

वय एकतीस.

पैलवान थांबतो तेव्हा त्याचं शरीर थांबत नाही, हे मला मावशीनं सांगितलं. पहाटे तीनला डोळा उघडतो. हजार जोर, दोन हजार बैठका मारणारी भूक तशीच राहते, मेहनत मात्र उरलेली नसते. मग वजन सुटतं, साखर धरते, रक्तदाब येतो, आणि ते सगळं वजन त्याच मोडक्या गुडघ्यावर. आप्पांनी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर रात्रपाळीची राखण केली, पंचवीस वर्षं. गुळाच्या रव्यांच्या थप्पीला पाठ लावून बसायचे. मावशी सांगते तेव्हा जरा हसतेच, कारण मैदानात ज्या पाठीला कुणी माती लावली नाही असा त्यांचा दावा, तिला रोज पहाटे गूळ लागलेला असायचा आणि मुंग्या घरापर्यंत मागं यायच्या.

यापेक्षा वाईटही होतं. २०१८च्या एप्रिलमध्ये आपल्याच पन्हाळा तालुक्यात, जत्रेच्याच मैदानात, विशीतला एक पोरगा डाव बसताना मानेवर पडला. काही दिवसांनी गेला. त्याची ध्वनिचित्रफीत गावोगाव फिरली. आप्पांनी ती एकदाच बघितली, फोन परत दिला आणि त्या दिवशी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर गेले नाहीत.

तर सिग्नलला माझ्या डोक्यात हललं ते असं. पैलवानाकडं पैसा कसा येतो? जिंकल्यावर तो मैदानाला फेरी मारतो आणि लोक स्वतःहून हातात नोटा ठेवतात. म्हातारे शेतकरी बंडीच्या खिशातनं घडी उलगडून दहाची नोट काढतात, त्याच्या दंडाला हात लावून बघतात. हलगी चालू असते. त्यानं काही मागितलेलं नसतं. इनाम, खुराक, मानधन, फेटा, सगळं त्याच्या ताकदीपुढं येऊन उभं राहिलेलं. आणि आता पन्नाशीनंतर, सत्तरीनंतर आपण त्याला म्हणतो, बाबा रे, तू किती हरलायस ते या कागदावर लिही, पुरावा जोड, दोन साक्षीदार आण, मग बघू.

खाशाबा जाधवांची गोष्ट आमच्या शाळेत दरवर्षी व्हायची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आला. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, तिथं सहावा नंबर आला. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. लोकवर्गणी झाली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांची मैदानं घेऊन ते कर्ज फेडलं. शाळेत गोष्ट इथं संपायची आणि टाळ्या व्हायच्या.

पुढचं मी मोठेपणी वाचलं. पोलीस खात्यात नोकरी, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडा, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा. जाताना घर गहाण टाकणारा माणूस मिळाला. परत आल्यावर तसा कुणी लागतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडं पाठवणी दणक्यात होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसहून नेमबाजीतलं कांस्य घेऊन आला, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक पदक, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर होतं. आप्पाही खुर्ची टाकून बसले होते. पोरगं पुढं गेल्यावर म्हणाले, “रेल्वेत हाय न्हवं त्यो? बरं झालं. पगार चालू हाय.” मला तेव्हा ते फार रुक्ष वाटलं होतं.

एका रात्री झोप येईना म्हणून मी जगात इतर ठिकाणी काय करतात ते शोधत बसले. इंग्लंडात घोड्यांच्या शर्यतीत पडून जखमी झालेल्या जॉकींसाठी एक निधी आहे, १९६४ सालचा. चार महिन्यांच्या आत टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोन जॉकी एकाच मैदानात घोड्यावरनं पडून कायमचे अधू झाले, त्यातनं तो सुरू झाला. नाताळची भेटकार्डं विकून पैसा उभा करतात. आता त्यांची तीन उपचार केंद्रं आहेत. पण मला आवडलं ते वेगळंच. त्यांची माणसं ठरलेली आहेत जी जखमी आणि म्हाताऱ्या जॉकींच्या घरी जातात. चहा पितात, काय हवं-नको बघतात. अर्ज त्या माणसाच्या डोक्याचा विषय, जॉकीच्या नाही.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “घोड्यावरनं पडणाऱ्यास्नी बी फंड हाय म्हण की,” एवढंच बोलले. मग जरा वेळानं, “घरी येत्यात?”

“येतात.”

“कोण? साहेब?”

“साधीच माणसं असतील, आप्पा.”

“हूं.”

खरं सांगायचं तर असं घरी येणारं काहीतरी आमच्याकडंही आहे, आणि ते माझ्या नाकासमोर असून मला दिसलं नव्हतं. आप्पांच्या दारात रोज सकाळी दीड लिटर म्हशीचं दूध येतं. मावशी शिलाईतनं महिन्याला जे मिळवते त्यात इतकं दूध बसत नाही, हे मी, हिशेबाच्या नोकरीतली बाई, कधीच विचारलं नव्हतं. एकदा गवळ्याला पैसे द्यायला गेले तर तो लाजला. “ताई, ते तालमीच्या वहीत हाय.” किती वर्षं? “माझ्या बापापास्नं.”

मावशीला माहीत होतं. आप्पांना माहीत आहे का, विचारलं तर ती म्हणाली, “ते कधी इचारत न्हाईत, म्या कधी सांगत न्हाई.” तालमीत कुणी डबा ठेवलेला नाही, समिती नाही, फलक नाही. जुन्या पोरांपैकी कुणाचं हॉटेल आहे, कुणाचा टेम्पो, एक जण फाउंड्रीत आहे. गवळ्याची वही ज्याच्या हाताला लागेल तो भागवतो. आप्पांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात मंडपवाल्यानं बिलच दिलं नव्हतं, तेही आता लक्षात येतंय.

हे ऐकून डोळे भरून यायचे तेवढे आले. पण मी कोल्हापूरचं कौतुक करायला बसलेली नाही. दुधानं गुडघा बदलत नाही. आणि ही वही आप्पांना पुरली कारण आप्पा पेठेत राहिले, रोज कट्ट्यावर दिसले. त्यांच्याच बरोबर मेहनत करणारा एक जण सोलापूरकडचा होता, दुष्काळी गावातला. चार-पाच वर्षं इथं माती खेळला, खांदा निखळला, गावी गेला. पुढं त्याचं काय झालं, तालमीत कुणाला ठाऊक नाही. त्याच्या गावात ना तालीम, ना वही. त्याला दूध कोण घालणार? ओळखीच्या माणसांची माया ओळखीपुरतीच जाते. सरकारी अर्ज रुक्ष असेल, अपमान करणारा असेल, पण तो सोलापूरच्या त्या माणसालाही तितकाच उघडा आहे. फक्त त्याला तो अर्ज आहे हे सांगायला कुणी गेलेलं नाही. म्हणून मला दोन्ही हवं. निधी सरकारचा आणि चाल तालमीची. क्रीडा कार्यालयात गावोगावच्या जुन्या खेळाडूंची यादी असावी आणि वर्षातनं एकदा कुणीतरी जाऊन बसावं, गुडघा कसा आहे विचारावं, अर्ज त्यानंच भरावा. एवढ्यानं काही तिजोरी फुटत नाही. राज्य सरकार जुन्या कुस्तीगिरांना मानधन देतं, मध्ये त्यात वाढही जाहीर झाली. पण मानधनालासुद्धा आधी माणूस सापडावा लागतो.

अर्जाचं शेवटी काय झालं ते सांगते. मी आप्पांना म्हटलं, तो शब्द राहू दे, आपण आधी कामगिरीचा रकाना भरू. त्यावर मात्र ते खुर्ची ओढून बसले. अर्जात जागा चार ओळींची. आप्पांना तीन संध्याकाळ लागल्या. कुठलं मैदान, कुणाबरोबर, कितव्या मिनिटाला, कुठल्या डावावर. ढाक, कलाजंग, एकलंगी, घिस्सा. मधेच उठून दाराच्या चौकटीला धरून दाखवायचे, “ह्यो हात असा आत घालायचा, गं.” हरलेल्या कुस्त्याही सांगितल्या, त्या जरा भराभर. मी वेगळे कागद जोडले. अकरा पानं झाली.

मग उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी सेतू केंद्रात गेलो तर आप्पा कोल्हापुरी फेटा बांधून आले. ऑनलाइनच्या फोटोसाठी पोरगी म्हणाली, आजोबा, डोक्यावरचं काढा. मला वाटलं, झालं, आता हे माघारी फिरणार. पण त्यांनी दोन्ही हातांनी अलगद फेटा उतरवला, माझ्या मांडीवर ठेवला आणि कॅमेऱ्याकडं बघून श्वास भरून घेतला. सवयीनं छातीही फुगवली. फोटोत फक्त मानेपर्यंतच येणार होतं.

दाखला हातात आल्यावर त्यांनी आकडा वाचला. वर्षाचा. काही बोलले नाहीत. घरी येऊन, मावशी आत असताना, म्हणाले, “काय त्यो शब्द हुता तुझा? लिही जा. बारीक अक्षरात लिही.”

राहिला एकच कागद, त्या परदेश दौऱ्याचा पुरावा. प्रमाणपत्र मागं पंचगंगेच्या पुरात नातेवाइकांच्या घरी ठेवलेल्या पेटीत भिजून गेलं. संघाचा एक फोटो आहे, खाली नावं आणि साल छापलेला, पण तो तालमीत भिंतीवर, हनुमानाच्या मूर्तीशेजारी. आता जिल्ह्यात मुली माती खेळतात, मॅटवर पदकं आणतात, तरी आमच्या पेठेतल्या त्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मी अजून गेलेली नाही. म्हणून मी आणि आप्पा बाहेर कट्ट्यावर थांबलो आणि एका पोराला फोन देऊन आत पाठवलं. सोळा-सतरा वर्षांचं, अंगाला माती, नुकतं हौद्यातनं वर आलेलं. पहिल्या फोटोत काचेवर फ्लॅश पडला, नेमका मधल्या रांगेवर. परत पाठवलं.

दुसऱ्या वेळी तो फोन घेऊन बाहेर आला तो पडद्याकडंच बघत. बोटांनी मोठं करून एकेक चेहरा बघत होता.

“काकू, ह्यात आप्पा कुठलं वो?”

मी बघितलं. मलाही सापडेनात. एका रांगेत सगळे सारखेच, कोट घातलेले, केस मागं फिरवलेले, पंचविशीतले.

आप्पांनी चष्मा लावलाच नाही. काठीचं टोक फोनच्या दिशेनं केलं.

“डावीकडनं तिसरा. कान बघ की.”